तराजू, घटिकापात्र, पर्जन्यमापक, शंकू: मुलांसोबत घरी करून बघायची मोजण्याची साधनं

मे महिन्यात भाची राहायला आली की आमच्या पुण्यातल्या घरी जेवणाच्या टेबलावर फूटपट्ट्या, दोरे, श्रीखंडाचे रिकामे डबे आणि औषधाच्या बाटल्यांची टोपणं यांचा पसारा पडतो. हळूहळू सोसायटीतली इतर मुलंही त्यात सामील झाली. पहिल्या सुट्टीत आम्ही तराजू केला. दोन्ही पारड्यांत चिंचोके टाकून वरखाली करून झालं आणि संध्याकाळी तो माळ्यावर गेला. पुढच्या वर्षी तोच तराजू खाली काढला, पण या खेपेला त्याच्यासाठी वजनं केली. मग मात्र आठवडाभर तो कुणी खाली ठेवेना. चमचाभर मीठ किती ग्रॅम, कालचा पाव आज हलका झाला का, भिजवलेल्या हरभऱ्यांनी किती पाणी प्यायलं, सगळं तोलून झालं.

तराजू तोच होता, फरक वजनांनी पडला. तेव्हापासून मी मुलांना सांगते की वस्तू बनवली म्हणजे निम्मंच काम झालं. त्यावर मापाच्या खुणा केल्या आणि त्या तपासून घेतल्या, की ते साधन झालं. खालची चारही साधनं त्याच रीतीने दिली आहेत. बनवायला जेवढा वेळ लागेल तेवढाच, किंबहुना जास्तच, खुणांसाठी राखून ठेवा.

साधारण ८ ते १३ वर्षांच्या मुलांना हे जमतं. कटर, तापवलेली सुई आणि खिळे-हातोडी मोठ्यांनी हाताळायची. मोजायचं, खुणा करायच्या आणि वहीत लिहायचं ते मुलांनी. ही वाटणी कसोशीने पाळा. घाईत आपणच मोजून आकडा सांगून टाकतो, आणि मुलांचा रस तिथेच संपतो.

तराजू

लागणारं सामान: ३० सेंटिमीटरची लाकडी फूटपट्टी, एकाच मापाच्या डब्यांची दोन काठ असलेली झाकणं, गोधडीचा दोरा, सायकलच्या चाकाची एक तार, एक रबरबँड, एक नट.

फूटपट्टीला तीन भोकं पाडायची. मधलं भोक बरोबर १५ सेंटिमीटरवर, वरच्या काठापासून ५ मिलिमीटर खाली. टोकाची भोकं १ आणि २९ सेंटिमीटरवर, पण ती वरच्या काठापासून ८ मिलिमीटर खाली घ्यायची. या ३ मिलिमीटरच्या फरकात तराजूचा सगळा जीव आहे. टोकाची भोकं मधल्यापेक्षा वर गेली, तर पारड्यांत वजन पडताच दांडी एका बाजूला कलंडते आणि सावरत नाही. ती फार खाली गेली तर दांडी सुस्त होते, ग्रॅम-दोन ग्रॅमला दादच देत नाही. मुलांना हे नुसतं सांगू नका. पुठ्ठ्याच्या पट्टीवर तिन्ही प्रकारे भोकं पाडून टांगून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

मधलं भोक तारेपेक्षा किंचित मोठं हवं, म्हणजे दांडी मोकळी डुलेल. सारख्या उंचीचे पुस्तकांचे दोन गठ्ठे मांडून त्यांवर तार आडवी ठेवा आणि मधल्या फटीत दांडी लोंबू द्या. प्रत्येक झाकणाला समान अंतरावर तीन भोकं पाडून तीन दोरे ओवा, वर एकत्र गाठ मारा आणि पारडं टोकाला टांगा. मग दांडी सरळ आहे की नाही हे कळण्यासाठी, मधल्या भोकातून खाली पट्टीच्या रुंदीभर एक उभी रेघ पेनने ओढा. तारेलाच दोऱ्याने नट बांधून लोंबता सोडा. गवंडीकाका भिंतीला लावतात तो ओळंबाच हा. दोरा रेघेवर आला की दांडी सरळ. टोकांकडे बघून अंदाज बांधण्यापेक्षा ही खूण कितीतरी नेमकी आहे.

रिकामी पारडी सहसा समतोल नसतात. हलक्या बाजूच्या दांडीवर रबरबँड चढवा आणि दोरा रेघेवर येईपर्यंत आत-बाहेर सरकवा. कणकेचा गोळा चिकटवून तोल साधायची सवय अनेकांना असते, पण कणीक वाळली की हलकी होते आणि दुसऱ्या दिवशी तराजू चुकतो.

आता तपासणी. डाव्या पारड्यात एक लिंबू ठेवा, उजव्यात वाळू टाकत समतोल साधा. मग लिंबू उजवीकडे आणि वाळू डावीकडे घ्या. समतोल टिकला तर दोन्ही बाहू सारखे. नाही टिकला तर टोकाचं एखादं भोक जवळ-लांब पडलंय. १४ सेंटिमीटरच्या बाहूत १ मिलिमीटरची चूक राहिली, तरी १०० ग्रॅममागे पाऊण ग्रॅमच्या आसपास फरक पडतो. ही अदलाबदल मुलांना फार आवडते, कारण दुकानातल्या तराजूलाही असंच पकडता येईल हे त्यांच्या लगेच ध्यानात येतं.

मग वजनं. इथे दुकानातून काही आणायचं असेल तर एवढंच: औषधाच्या दुकानात मिळणारी १० मिलिलिटरची सिरिंज, सुईशिवाय. १ मिलिलिटर पाण्याचं वजन १ ग्रॅम धरायला हरकत नाही. आपल्या तराजूच्या मानाने तेवढं पुरेसं अचूक आहे. डाव्या पारड्यात सिरिंजने १० मिलिलिटर पाणी सोडा. उजव्यात प्लॅस्टिकची छोटी पुडी आणि तिला बांधायचा दोरा आधीच ठेवा, कारण त्यांचंही वजन मोजलं गेलं पाहिजे. मग पुडीत चिमटी-चिमटीने कोरडी वाळू टाका. दोरा रेघेवर आला की पुडी बांधा आणि तिच्यावर पेनने १० लिहा. अशा दोन पुड्या एका पारड्यात ठेवून २० ग्रॅमची तिसरी करता येते, आणि तशीच पुढे ५० ची.

लहान वजनांसाठी मला सगळ्यात आवडणारी युक्ती कागदाची आहे. झेरॉक्सच्या कागदाच्या पाकिटावर ७५ किंवा ८० जीएसएम असं छापलेलं असतं. म्हणजे तो कागद १ चौरस मीटर घेतला तर त्याचं वजन तितके ग्रॅम. ए-फोर मापाचे १६ कागद मिळून १ चौरस मीटर होतो. म्हणजे ८० जीएसएमचा एक कागद भरतो बरोबर ५ ग्रॅम. त्याच्या पाच समान पट्ट्या कापल्या की प्रत्येक पट्टी १ ग्रॅमची, आणि ती मधोमध कापली की अर्ध्या ग्रॅमची. घड्या घालून त्यांवर आकडा लिहून ठेवायचा. पावसाळ्यात कागद दमट होऊन थोडा जड होतो, म्हणून ही वजनं झाकणबंद डबीत ठेवा.

नाणी वजनं म्हणून वापरायची झाली तर एकाच वर्षाच्या आसपासची, दिसायला अगदी सारखी नाणी घ्या. एक रुपयाची जुनी आणि नवी नाणी वेगवेगळ्या वजनांची आहेत. मुलांना ते आधी सांगू नका, तराजूवर त्यांचं त्यांनाच सापडू द्या.

काय काय तोलायचं? गव्हाचे शंभर दाणे मोजून तोला, साधारण चार ग्रॅम भरतात. ज्वारीचे शंभर दाणे त्याहून थोडे कमी भरतात. एका दाण्याचं वजन काढायला शंभर दाणे घ्यावे लागतात, हा विचार मुलांच्या हातून घडणं मला फार मोलाचं वाटतं. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडून गुंज, मासा, तोळा ही मापं समजून घ्या. ८ गुंजांचा एक मासा आणि १२ माशांचा एक तोळा. आजच्या मापात तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक गुंज भरते सव्वाशे मिलिग्रॅमच्याही जरा आत. गुंजेचं बी मात्र विषारी असतं. ते लहान मुलांच्या हाती देऊ नका, हिशेब कागदावरच करा.

आणि एक कोडं सोडून द्या: फक्त पाच वजनं करायची, पण १ पासून ३१ ग्रॅमपर्यंत प्रत्येक पूर्ण वजन तोलता आलं पाहिजे. ती पाच कोणती? उत्तर १, २, ४, ८, १६ आहे, पण ते आपल्या तोंडून निघता कामा नये. ज्याला सापडेल त्याला पुढचा प्रश्न: वजनं दोन्ही पारड्यांत ठेवायची मुभा असेल तर चारच वजनांत ४० ग्रॅमपर्यंत कसं जायचं?

घटिकापात्र

लग्नात मुहूर्त साधायला घंगाळातल्या पाण्यावर भोक असलेली वाटी सोडत, हे आजही कित्येक घरांतल्या थोरांना आठवतं. वाटी भरून बुडाली की एक घटिका झाली. दिवस-रात्र मिळून ६० घटिका, म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. घटिकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. हे यंत्र घरी करता येतं आणि माझ्या मते मुलांसाठी याहून सुंदर घड्याळ नाही.

पाव किलो श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, शक्यतो सरळ भिंतींचा. तळाच्या मध्यभागी गोधडी शिवायची जाड सुई तापवून एक भोक पाडा, साधारण १ मिलिमीटरचं. आतून-बाहेरून वितळलेल्या प्लॅस्टिकची कड ब्लेडने साफ करा. नुसता डबा तरंगतच राहील, त्याला वजन हवं. एक रुपयाची आठ-दहा नाणी भोकाभोवती गोल मांडून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पक्की करा. नाणी एका बाजूला झाली की डबा तिरका तरंगतो आणि काठावरून अचानक पाणी घेतो.

मोठ्या पातेल्यात किंवा बादलीत डब्याच्या उंचीपेक्षा बरंच खोल पाणी घ्या. पाणी कापडातून गाळून घ्या, कारण एवढ्याशा भोकात एक कण अडकला तरी घड्याळ थांबतं. डबा अलगद सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा.

आमचा पहिला डबा नऊ नाण्यांनिशी साडेअठरा मिनिटांत बुडाला. मुलांना वाटलं, उशिरा बुडायला हवाय तर वजन वाढवावं. तीन नाणी वाढवली, तर तो आणखी लवकर बुडाला. मग भाचीनेच उलट करून पाहिलं, आणि नाणी काढत-काढत आम्ही चोवीस मिनिटांच्या जवळ पोहोचलो. वजन जास्त असेल तर डबा पाण्यात जास्त खोल बसतो, बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा जास्त उंच राहतं आणि भोकातून जोरात शिरतं. तुमचं भोक आमच्यापेक्षा लहान-मोठं असेल, त्यामुळे तुमचे आकडे वेगळे येतील. भोक मोठं करणं सोपं, लहान करणं अवघड. म्हणून सुरुवात बारीक भोकाने करा आणि शेवटची जुळवाजुळव नाण्यांनी करा.

एकदा जमलं म्हणून थांबू नका. तोच डबा पाच वेळा बुडवा आणि पाचही वेळा वहीत लिहा. सगळ्या वेळा एकमेकींपासून अर्ध्या मिनिटाच्या आत असतील तर घड्याळ विश्वासाचं. एखादी वेळ फार निराळी आली तर ती खोडून न टाकता तिच्यासमोर कारण लिहायचं: भोकावर बुडबुडा होता, डबा कडेला टेकला होता, कुणी बादलीला धक्का दिला.

यानंतर जे करायचं ते मला या सगळ्या उद्योगातलं सर्वात देखणं वाटतं. डब्याच्या आतल्या भिंतीवर कागदी टेपची उभी पट्टी लावा. डबा तरंगत असताना दर दोन मिनिटांनी आत पाणी कुठवर आलं तिथे पेन्सिलने खूण करायची. दोघं लागतात, एक वेळ सांगणारा, एक खूण करणारा. डबा सरळ भिंतींचा असेल तर खुणांमधलं अंतर जवळजवळ सारखं निघतं. का? आत पाणी येतं तसा डबा तेवढाच खाली जातो, आणि आतल्या-बाहेरच्या पातळीतलं अंतर शेवटपर्यंत तेवढंच राहतं. म्हणून धारही तेवढीच राहते.

आता याच्याशी ताडून बघायला पाण्याच्या बाटलीला तळाशी तसंच भोक पाडा, बाटली भरून उंचावर ठेवा, झाकण उघडं ठेवा आणि दर दोन मिनिटांनी पातळीची खूण करा. इथे वरच्या खुणा लांब-लांब पडतात आणि खाली येता-येता जवळ येतात, कारण पाणी कमी झालं की धार मंदावते. गळणाऱ्या बाटलीला खुणा मोजून-मापून, विषम अंतरांवर कराव्या लागतात. बुडणारी वाटी ती कटकट ठेवतच नाही. दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी वहीत चिकटवून ठेवा.

पर्जन्यमापक

शेतकऱ्याच्या घरात ‘मंडळात किती मिलिमीटर झाला’ हा प्रश्न पावसाळाभर असतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईची गोष्ट तिथून सुरू होते. पण मिलिमीटर म्हणजे लांबीचं माप, आणि पाऊस तर पाणी. ते लांबीत कसं मोजतात, हे मोठ्यांनाही विचारून बघा. पाऊस न वाहता, न जिरता जागच्या जागी साचला असता तर पाण्याचा थर जितका उंच झाला असता, ती उंची म्हणजे पाऊस. एक चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी.

शीतपेयाची २ लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि तो उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा. सांधा टेपने बंद करा. उडालेलं पाणी बाहेर जात नाही आणि उन्हाने वाफही कमी होते.

इथे बाटलीला फूटपट्टी चिकटवायचा मोह होतो. आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं. बाटलीचा तळ पाकळ्यांसारखा खालीवर असतो, चार-पाच मिलिमीटरचा पाऊस त्या खळग्यांतच बसला आणि पट्टीवर उमटलाच नाही. त्याऐवजी खुणा पाणी ओतून करा. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजा. समजा तो १० सेंटिमीटर आहे. त्रिज्या ५, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ३.१४ गुणिले २५, म्हणजे ७८.५ चौरस सेंटिमीटर. या तोंडावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर आत ७८.५ मिलिलिटर पाणी येणार. सिरिंजने तेवढं पाणी ओता आणि पातळीवर रेघ मारून १० लिहा. पुन्हा तेवढंच ओता आणि २० लिहा. बाटलीला कंबर असो, तळाला पाकळ्या असोत, खुणा बरोबरच येणार. मोजणारी बाटली असली तरी पाऊस झेलणारं तोंड आहे, आणि हिशेब त्या तोंडाचा करायचा. तुमचा व्यास वेगळा असेल तर आकडे मुलांकडून काढून घ्या.

भुरभुर पावसाच्या दिवशी रेघांच्या मध्ये अंदाज करत बसू नका. पाणी सरळ सिरिंजने मोजा आणि दर ७.८५ मिलिलिटरला १ मिलिमीटर धरा.

बाटली ठेवायची उघड्यावर. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. गच्चीवर कठड्यापासून दूर, मधोमध. चारही बाजूंनी विटा लावून पक्की करा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात आडवी होते. जमिनीवर ठेवायची असेल तर तोंड फूटभर उंच हवं, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत येत नाहीत. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला चोवीस तासांच्या पावसाची नोंद घेतं. मुलांनीही तीच वेळ धरावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताळा घेता येतो. आकडे जुळले नाहीत तर बाटली चुकली असं लगेच समजू नका. कात्रजला कोसळतो आणि शिवाजीनगर कोरडं राहतं, हे पुणेकरांना ठाऊकच आहे. नातेवाइकांच्या घरी अशीच एक बाटली ठेवायला लावा आणि रोज फोनवर आकडे घ्या.

आपल्या बाटलीत १६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मावतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुलांना विचारा, त्या दिवशी ही बाटली किती वेळा रिकामी करावी लागली असती?

एक साधन मी करत नाही

बरणीच्या तोंडावर फुगा ताणून, त्यावर काडी चिकटवून ‘हवेचा दाब मोजा’ असं जागोजागी सांगितलेलं असतं. मी ते मुलांना देत नाही. बरणीतली कोंडलेली हवा तापली की प्रसरण पावते आणि काडी हलते. तीन अंश तापमान बदललं तर एवढ्यानेच साधारण एक टक्क्याचा फरक पडतो, आणि आपल्याकडे हवेचा दाब एरवी एका दिवसात तेवढाही बदलत नाही. काडी हलते ती मुख्यतः तापमानामुळे, आणि मूल वहीत लिहितं दाब. करायचंच असेल तर बरणीला तापमापक म्हणा, शेजारी घरातला तापमापक ठेवा आणि त्याच्याशी जुळवून खुणा करा. मग ते खरं साधन होईल.

शंकू

शंकू म्हणजे सपाट जागेवर उभी केलेली काठी. तिच्या सावलीवरून दिशा आणि वेळ काढण्याची आपली रीत फार जुनी आहे.

दोन फूट लांब-रुंद प्लायचा तुकडा घ्या. त्यावर पांढरा कागद चिकटवा आणि मध्यभागी खालून खिळा मारून ३० सेंटिमीटरची सरळ बारीक काठी उभी करा. काठी ताठ आहे का, हे कंपासपेटीतला गुण्या दोन बाजूंनी लावून पाहा. प्लाय गच्चीवर ठेवा आणि वर गोटी ठेवून बघा. ती घरंगळली तर त्या बाजूला पुठ्ठ्याचे तुकडे सरकवा. एकदा ठेवला की दिवसभर प्लाय हलवायचा नाही. सूर्याकडे बघायचं नाही, हेही सुरुवातीलाच बजावून सांगा. आपलं सगळं काम सावलीकडे बघूनच होतं.

सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकावर ठिपका द्या आणि वेळ लिहा. सावलीचं टोक धूसर असतं. धूसर पट्ट्याचा मध्य धरायचा, आणि दर वेळी तसाच धरायचा. काठीच्या बुंध्याला दोऱ्याचा सैल फास अडकवून, त्या ठिपक्यातून जाणारं वर्तुळ काढा. दुपारपर्यंत सावली आखडत वर्तुळाच्या आत जाते आणि मग पुन्हा लांबू लागते. तीनच्या आसपास तिचं टोक वर्तुळाला परत टेकेल, तिथे दुसरा ठिपका द्या आणि वेळ लिहा. दोन ठिपके जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. काठीच्या बुंध्यातून तिला काटकोनात काढलेली रेघ दक्षिण-उत्तर. मोबाइलच्या होकायंत्राशी ताडून बघा, पण स्लॅबमधल्या सळया त्याला फसवतात, तेव्हा फरक पडला तर मी शंकूवर विश्वास ठेवीन.

आता दोन्ही वेळांचा मध्य काढा. मेच्या मध्यावर आमच्याकडे तो १२ वाजून ३१-३२ मिनिटांवर येतो, बारावर नाही. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाला धरून चालतात. पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला आहे आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. राहिलेला काही मिनिटांचा फरक वर्षभर कमी-जास्त होत राहतो. नागपूरकरांची खरी दुपार त्याच दिवसांत बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास होते. नागपुरात मावसभाऊ असेल तर त्यालाही शंकू उभारायला सांगा.

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास ऊन असेल तर दक्षिणोत्तर रेघेवर आलेली सावली मोजून ठेवा. ३० सेंटिमीटरच्या काठीची सावली पुण्यात १० सेंटिमीटर भरते, नागपुरात साडेअकराच्या थोडी वर, पणजीत सव्वाआठच्या आसपास. काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर काढून वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजला, की तो कोन म्हणजेच आपल्या गावाचा अक्षांश. पुण्याचा साडेअठरा अंश. नकाशाचं पुस्तक मोजून झाल्यावरच उघडा.

आणि शून्य सावलीचा दिवस चुकवू नका. पणजीत मेच्या अगदी सुरुवातीला, कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला आणि नागपुरात २६ मेच्या आसपास सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो परतताना पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून मेमधलाच दिवस साधायचा. गावाच्या खऱ्या दुपारच्या पंधरा मिनिटं आधी गच्चीवर जा, डोक्याला टोपी आणि प्यायला पाणी घेऊन. काठीशेजारी एक स्टीलचा पेला आणि एक बाटली उभी ठेवा. दर दोन मिनिटांनी काठीच्या सावलीच्या टोकावर ठिपका द्या. गेल्या मेमध्ये ठिपके द्यायचं काम भाचीकडे होतं. ठिपके काठीकडे सरकत गेले आणि बारा एकतीसला पेन टेकवायला सावलीच उरली नाही. तिने ठिपका काठीच्या बुंध्यापाशीच दिला आणि त्यासमोर वेळ लिहिली.